सर्वानुमते ठरले, म्हणजे काय झाले?

कोणत्याही मंडळाच्या इतिवृत्ताची वही काढून पाहावी. गणेशोत्सव मंडळ असो, पतपेढी असो, ग्रामपंचायत असो की महाविद्यालयातले वाङ्मय मंडळ असो, बहुतेक प्रत्येक ठरावाखाली एक वाक्य ठरलेले असते : ‘वरील ठराव सर्वानुमते मंजूर झाला.’ सूचक अमुक, अनुमोदक तमुक, विरोध कोणाचाच नाही. ही वही वाचणाऱ्या परक्या माणसाला वाटेल की या मुलखात मतभेद नावाची वस्तूच नाही! परंतु तोच माणूस बैठक संपल्यावर बाहेर चहाच्या टपरीवर उभा राहिला, तर त्याला दुसरी बैठक भरलेली दिसेल. तेथे माणसे मोकळेपणाने बोलत असतात. ‘मला तर हे पटलंच नव्हतं’, ‘मग बोलला का नाहीस?’, ‘कोणीच बोललं नाही, मी एकटा कशाला वाईट होऊ?’ वहीत उतरते ती पहिली बैठक. दुसरीत लोकांचे खरे मत असते, पण तिची नोंद कोठेच होत नाही.

लहान गटात माणसे आपसांत कशी बोलतात आणि त्या बोलण्यातून निर्णय कसा तयार होतो, हा मानसशास्त्राचा आणि समाजशास्त्राचा एक जुना विषय आहे. वर्गात आपण तो परीक्षेपुरता वाचतो. मला तो त्याहून जवळचा वाटतो, कारण आपले अर्धे आयुष्य अशा गटांच्या निर्णयांनी ठरते. शिक्षण पुढे चालू ठेवायचे की नाही, लग्न कोठे करायचे, शेत वाटायचे की एकत्र ठेवायचे, हे आपण एकटे क्वचितच ठरवतो. पाच-सात माणसे बसतात आणि ठरते. आपल्याकडे ‘पाचामुखी परमेश्वर’ असे म्हणतात. म्हण चांगली आहे, पण तिच्यात एक अट गृहीत धरलेली आहे : पाचही मुखे उघडली पाहिजेत. दुसरीकडे संस्कृतातले ‘मौनं संमतिलक्षणम्’ आपण सर्रास वापरतो, आणि माझ्या मते लहान गटांचे जितके नुकसान या वचनाने केले आहे तितके भांडणांनी केलेले नाही.

गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हे प्रयोगाने दाखवण्याचे श्रेय सॉलोमन अ‍ॅश यांच्याकडे जाते. अमेरिकेत १९५१ च्या सुमारास त्यांनी केलेला प्रयोग अगदी साधा होता. सात-आठ विद्यार्थ्यांना एका खोलीत बसवायचे, एका पत्र्यावर एक रेघ दाखवायची, आणि दुसऱ्या पत्र्यावरच्या तीन रेघांपैकी तिच्याएवढी रेघ कोणती ते मोठ्याने सांगायला लावायचे. उत्तर डोळ्यांना स्वच्छ दिसत होते. एकट्याला विचारले तर चूक जवळजवळ होतच नसे. गंमत अशी की त्या खोलीतला एकच विद्यार्थी खरा होता, बाकीचे सगळे आधी पढवलेले होते. ते काही फेऱ्यांत एकसाथ चुकीचे उत्तर देत, आणि मग शेवटी शेवटी या बिचाऱ्याची पाळी येई. अशा फेऱ्यांतील सुमारे एकतृतीयांश उत्तरे गटाच्या चुकीमागे गेली. जवळजवळ तीनचतुर्थांश विद्यार्थी निदान एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांविरुद्ध बोलले.

हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. मला मात्र त्याच प्रयोगातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. पढवलेल्यांपैकी एकानेच जर खरे उत्तर दिले, तर चुकीमागे जाण्याचे प्रमाण एकदम खाली येई, पूर्वीच्या चौथ्या हिश्शाच्याही आत. म्हणजे माणसाला बहुमताची जितकी भीती वाटते त्याहून अधिक भीती एकटे पडण्याची वाटते. शेजारी एक जरी सोबती असला तरी कंठ फुटतो. टपरीवरच्या बैठकीत सगळे का बोलतात, याचे उत्तर येथे मिळते : तेथे कळते की आपल्यासारखे आणखी तीन होते.

याच्याही पुढची एक पायरी आहे. अ‍ॅशच्या खोलीत निदान बाकीच्यांना काहीतरी ठामपणे सांगायचे होते. पण कधीकधी गट असा निर्णय घेतो, की जो गटातल्या एकालाही नको असतो! जेरी हार्वी या व्यवस्थापनशास्त्राच्या प्राध्यापकाने १९७४ साली स्वतःच्या सासुरवाडीची एक हकीकत लिहिली. टेक्सास प्रांतातले कोलमन हे गाव, उन्हाळा, पारा चाळीसच्या घरात. घरात चौघे पंख्याखाली डाव मांडून सुखात बसलेले. सासरे म्हणाले, ॲबिलीनला जेवायला जाऊ या का? मुलगी ‘छान’ म्हणाली, जावई ‘चालेल’ म्हणाला, सासूबाई ‘नाही कशाला?’ म्हणाल्या. जाऊन-येऊन शंभरावर मैल, गाडी जुनी, वाटेत धुळीचे लोट, जेवण बेचव. परत आल्यावर एकेकाने कबूल केले की मला जायचेच नव्हते. सासरे म्हणाले, मी तर तुम्हांला कंटाळा आला असेल म्हणून सहज विचारले. अमळनेरच्या मे महिन्यात ज्यांनी दुपारी बारा वाजता वऱ्हाडाचा टेम्पो पकडला आहे त्यांना ही हकीकत समजावून सांगायला नको. ‘तुम्ही सांगशात तसं’ हे आपल्या अहिराणीतले उत्तर नम्र आहे, गोड आहे, आणि पुष्कळदा अशा प्रवासाची सुरुवात तेथूनच होते.

आतापर्यंत भीतीची आणि भिडेची गोष्ट झाली. पण समजा, गटात भीड नाही, सगळे मित्र आहेत, सगळे बोलतात. तरी निर्णय बरोबर येईलच असे नाही. त्याचे कारण जरा खोलात जाऊन पाहावे लागते. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या दोघांनी १९८५ साली विद्यार्थ्यांच्या गटांना विद्यार्थी संघाच्या अध्यक्षपदासाठी काल्पनिक उमेदवार निवडायला सांगितले. उमेदवारांची माहिती चौघांत अशी वाटली, की काही गोष्टी चौघांनाही ठाऊक आणि काही एकेकट्यालाच ठाऊक. सगळी माहिती एकत्र आली असती तर उत्तम उमेदवार उघड दिसला असता. ती एकत्र आलीच नाही. चौघे बोलले ते मुख्यतः चौघांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींविषयी.

आपल्या सहलीचे उदाहरण घेऊ. समितीत तिघे आहेत. पद्मालय जवळ आहे आणि खर्च कमी येतो, या दोन गोष्टी तिघांनाही ठाऊक आहेत. पाटणादेवी लांब आहे, हेही तिघांना ठाऊक आहे. आता पहिल्याला हे ठाऊक आहे की पाटणादेवीहून पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे पायी जाता येते. दुसऱ्याला हे की भास्कराचार्यांचे नाव त्या परिसराशी जोडलेले असल्याने गणिताचे सरही यायला तयार होतील. तिसऱ्याला हे की त्याच्या मामाची गाडी डिझेलच्या खर्चात मिळेल. प्रत्येकजण मनाशी हिशेब करतो : पद्मालयाच्या बाजूने दोन गोष्टी, पाटणादेवीच्या बाजूने एक, आणि विरुद्ध एक. बैठक सुरू होते. पहिला म्हणतो, पद्मालय जवळ आहे. दुसरा मान डोलावतो, खर्चही कमी. तिसऱ्याला वाटते, आपल्या मनात होते तेच निघाले, आता मामाची गाडी कशाला काढा! पाच मिनिटांत एकमत होते. कोणी दबाव आणला नाही, कोणी खोटे बोलले नाही, तरी तीन गोष्टी तीन खिशांत तशाच राहिल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. बैठकीत मात्र झाकल्या मुठीची किंमत शून्य.

याचे मूळ मानवी स्वभावात आहे. सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट बोलली की माना डोलतात, आणि बोलणारा शहाणा ठरतो. फक्त मला ठाऊक असलेली गोष्ट मी बोललो, तर लोक म्हणतात, ‘तुला कोणी सांगितलं?’ म्हणून गटात सर्वांत उपयोगी माहिती सर्वांत कमी बोलली जाते. ज्याच्याजवळ ती असते तो पुष्कळदा शेवटच्या रांगेत बसलेला असतो, हे वेगळेच.

मग खरे एकमत कधी होतच नाही काय? होते, आणि त्याचा एक दाखला आपल्या खानदेशातच आहे. नीमजवळ कपिलेश्वराच्या मंदिराशी, पलीकडे मुडावद ठेवून, जी पांझरा तापीला मिळते, तीच पांझरा साक्री आणि धुळे तालुक्यांतून येताना शेकडो वर्षे एका पद्धतीने वाटली गेली. तिला ‘फड’ म्हणतात. पांझरेवर, आणि शेजारी नाशिक जिल्ह्यात मोसम व आरम या नद्यांवर, ही पद्धत साधारण तीनशे-चारशे वर्षांपूर्वी रूढ झाली असावी असे अभ्यासक मानतात. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला कालवा, कालव्याच्या चाऱ्या, चारीपासून शेतापर्यंत जाणारे सारंग, आणि जादा पाणी परत काढून देणारे सांडम, अशी तिची रचना. कालव्याची लांबी दोन ते बारा किलोमीटर. त्याखालच्या कायम बागायतीचे साधारणतः चार भाग करीत, त्या प्रत्येक भागाला फड हे नाव. एकेक फड दहा हेक्टरांपासून दोनशे हेक्टरांपर्यंत असे, सरासरी शंभर-सव्वाशे.

खरी गंमत पुढेच आहे. एका फडात एकच पीक. उसाचा फड ठरला की त्या फडातल्या सर्व खातेदारांनी ऊसच लावायचा, मग फडात जमीन दहा बिघे असो की अर्धा बिघा. दुसऱ्या फडांत हंगामी पिके, आणि एखादा पड. कोणत्या फडात काय, आणि कोणता फड पड, हे दरवर्षी गाव बसून ठरवी. ज्या वर्षी नदीला पाणी कमी, त्या वर्षी भिजणारे फडही कमी. वरवर पाहता ही सक्तीच वाटते, आणि आहेच. पण तिच्यामागे साधा हिशेब आहे. उसाला पाण्याची पाळी एका अंतराने लागते, हंगामी पिकाला दुसऱ्या अंतराने. शेजारी-शेजारी भिन्न पिके असली तर एकाच्या पाळीत दुसऱ्याचे शेत उगाच भिजते, जमीन चिबड होते, आणि भांडण तर रोजचेच. एक फड एक पीक म्हटल्यावर पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओळीने जाते. शिवाय पिके फडाफडांतून फिरत राहिल्याने जमिनीचा कस टिकतो.

एवढा मोठा निर्णय वर्षानुवर्षे कसा होत असेल? माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे मर्म जमिनीच्या वाटणीत आहे. बहुतेक खातेदारांचे तुकडे एकाच फडात नसून अनेक फडांत विखुरलेले असत. त्यामुळे ‘माझा फड’ आणि ‘तुझा फड’ असे दोन तट पडतच नसत. आज उसाच्या फडात ज्याची जमीन, त्याचीच जमीन पड राहणाऱ्या फडातही. निर्णय चुकला तर तो सर्वांना थोडाथोडा चुकतो, साधला तर सर्वांना थोडाथोडा साधतो. अशा माणसाला बैठकीत गप्प बसणे परवडत नाही. गाळ कोठे साचला, बंधारा कोठे झिरपतो, कोणत्या तुकड्यात पाणी जिरते आणि कोणत्यात तुंबते, या गोष्टी एकेकालाच ठाऊक असतात, आणि त्या न सांगितल्याचा तोटा सांगणाऱ्याच्याच शेतात उतरतो. स्टॅसर आणि टायटस यांच्या विद्यार्थ्यांना उमेदवार चुकीचा निवडला म्हणून काही सोसावे लागणार नव्हते. फडकऱ्याला सोसावे लागे.

दुसरे मर्म कामाच्या विभागणीत. निर्णय सर्वांचा, पण अंमल नेमलेल्या माणसांचा. प्रत्यक्ष पाणी सोडायचे ते पाटकऱ्याने, पिकाची राखण जागल्याने, आणि त्यांच्यावर देखरेख हवालदाराने. शेतकऱ्याने रात्री-अपरात्री बारे धरायला स्वतः जायचे नाही. पाट साफ ठेवणे, बंधाऱ्याची डागडुजी ही कामे लाभधारकांनी मिळून उचलायची. याचा परिणाम असा की एकदा ठरले की ठरले. प्रत्येक चारीच्या तोंडाशी पुन्हा वाटाघाटी नाहीत. आपल्या कितीतरी समित्यांत उलटे घडते. बैठकीत दोन वाक्यांत ठराव होतो, आणि अंमलाच्या वेळी प्रत्येक पायरीवर नवी बैठक लागते.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीने जगभरची सामाईक कुरणे, मासेमारीची ठिकाणे आणि पाटपाणी तपासून १९९० साली एक ग्रंथ लिहिला. २००९ साली अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार त्यांना मिळाला; तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना जी लक्षणे आढळली, त्यांत दोन अशी : ज्यांना नियम लागू आहेत त्यांना तो नियम बदलण्यात वाटा असतो, आणि राखणदार लाभधारकांनाच जबाबदार असतो. फडाच्या गावांना हे वाचून नवल वाटले नसते.

पण फडाचे कौतुक करताना एक गोष्ट झाकता येत नाही. ‘गाव बसून ठरवी’ यातले गाव म्हणजे बागायतीचे खातेदार. ज्याला जमीन नाही, त्याला पाणी नाही. आणि ज्याला पाणी नाही, त्याला त्या बैठकीत आवाज नाही. निंदणी-खुरपणी करणाऱ्या बाया शेतात सर्वत्र होत्या, बैठकीत नव्हत्या. म्हणजे एकमत खरे होते, पण ज्यांना आत घेतले होते त्यांच्यापुरते. पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, पाणी कधी सुटणार हे गावाऐवजी कचेरीत ठरू लागले, विहिरींवर मोटारी बसल्या. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याला शेजाऱ्याशी सल्लामसलत करण्याची गरज उरत नाही. बऱ्याच ठिकाणी फड मोडला तो असा, भांडणाशिवायच. काही गावांत तो तगून राहिला.

बाया बैठकीत कधी बोलतात, हे मला घरीच पाहायला मिळाले. माझी आई एका बचत गटात आहे. बचत गटात साधारण दहा ते वीस जणी असतात. (विसाची मर्यादा कोण्या मानसशास्त्रज्ञाने घातलेली नाही, १९५६ च्या कंपनी कायद्यात वीसांहून अधिक जणांना नोंदणीशिवाय नफ्याचा व्यवहार करता येत नसे, त्यातून ती आली. पण मर्यादा नकळत शहाणपणाची ठरली.) आमच्या गावच्या ग्रामसभेत याच बाया भिंतीकडेला पदर सावरून बसतात. समोर सासरे, जेठ, चुलत सासरे. त्या सही करतात आणि उठतात. बचत गटात मात्र सगळ्या सतरंजीवर गोल बसतात, हिशेबाची वही मधोमध उघडी, आणि कर्ज मागणारीला प्रत्येकीने काहीतरी विचारायचेच असा त्यांचा शिरस्ता आहे. एकीने शेळ्यांसाठी कर्ज मागितले तेव्हा मी तेथे होते. सर्वांचा होकार होत आला होता. तेवढ्यात एरवी फारशी न बोलणारी एक जण, तिची पाळी आली म्हणूनच, म्हणाली की ज्या माणसाकडून शेळ्या घेणार त्याच्या कळपात गेल्या पावसाळ्यात मर लागली होती. ही गोष्ट बाकीच्या कोणाला ठाऊक नव्हती. कर्ज मंजूर झाले, पण शेळ्या दुसऱ्या बाजारातून आल्या. पाळीने विचारण्याचा नियम नसता तर ती बाई बोलली असती का? मला वाटते, नसती.

बसण्याची पद्धतही बोलण्यावर परिणाम करते, याचा प्रयोग हॅरॉल्ड लीव्हिट यांनी १९५१ साली केला. पाच-पाच जणांचे गट, मधे आडपडदे, आणि फक्त चिठ्ठ्यांतून बोलायचे. एका गटात सर्व चिठ्ठ्या मधल्या एका माणसामार्फतच जाऊ शकत, चाकाच्या आऱ्यांसारख्या. दुसऱ्यात प्रत्येकाला फक्त दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी बोलता येई, म्हणजे वर्तुळ. चाकाच्या गटांनी काम झटपट आणि कमी चुकांनी उरकले. वर्तुळाच्या गटांत चिठ्ठ्याही जास्त, चुकाही जास्त, पण माणसे अधिक समाधानी. चाकात आनंदी होता तो बहुधा मधला माणूस! तथापि ते कोडे सोपे होते. पुढे मार्व्हिन शॉ यांनी दाखवले की प्रश्न गुंतागुंतीचा झाला की चाकाचा मध्य चिठ्ठ्यांच्या ओझ्याखाली दबतो आणि मोकळी रचना पुढे जाते. सहलीच्या वर्गणीची यादी करायची तर एक चिटणीस पुरे. सहल काढायची की नाही हे ठरवायचे तर गोल बसलेले बरे.

चाकाच्या मध्यभागी बसणारा माणूस कोण आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असते. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात येथील प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक स्वतः लिहून काढीत. रचनेच्या दृष्टीने पाहिले तर हे चाकच : एक लिहिणारा, बाकीचे वाचणारे. पण त्यामुळे एका खोलीतली गोष्ट सर्व खोल्यांना कळते, सर्वांना ठाऊक असलेल्या माहितीचा साठा रोज थोडा वाढतो. कोणत्याही वसतिगृहाच्या भोजन समितीने निदान महिन्याचा बाजारखर्च फळ्यावर लिहिला, तरी पुढची बैठक निराळी होईल असे मला वाटते.

गटाचे आकारमान वाढले की काय होते, ते थोडक्यात सांगते. माक्सिमिलियाँ रिंगेलमान या फ्रेंच कृषी-अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून ताकद मोजली, आणि १९१३ साली ती आकडेवारी प्रसिद्ध केली. एकट्याची ताकद शंभर धरली तर दोघांत प्रत्येकाची त्र्याण्णव, तिघांत पंच्याऐंशी, आठांत अवघी एकोणपन्नास. यात काही भाग ओढण्याचा ताल न जमण्याचा, काही ‘दुसरे ओढताहेत ना’ या भावनेचा. शंभर जणांच्या सभेत जो तो दुसरा बोलेल म्हणून थांबतो.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या लहानशा गावाने या सर्व अडचणींवर स्वतःची तोड काढली आहे. तेथे गावाचा निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असला तर विषय पुढे ढकलतात. पण मला विशेष वाटते ती दुसरी गोष्ट : अभ्यास आणि निर्णय ही दोन कामे त्यांनी वेगळी केली. अभ्यास गट म्हणून जी मंडळी जमतात त्यांत बाहेरचे जाणकारही येतात. वाद घालायचा, कागद वाचायचे, शंका काढायच्या, पण ठरवायचे काही नाही. ठरवणे ग्रामसभेत. ज्या बैठकीत काही ठरणारच नाही, तेथे बोलायला कोणी भीत नाही. मोहन हिराबाई हिरालाल आणि देवाजी तोफा यांची नावे या प्रयोगाशी जोडलेली आहेत. २००९ साली या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला.

सर्वसहमतीवर आक्षेप नाहीत असे नाही. वेळ फार लागतो, हा पहिला. एखादा अडून बसला तर सर्वांचे काम अडते, हा दुसरा, आणि तो खरा आहे. भाऊबंदकीच्या बैठका ज्यांनी पाहिल्या आहेत ते सांगतील की एक ‘नाही’ किती वर्षे टिकते. पण ‘नाही’ म्हणणाऱ्याला कारण सांगावे लागेल आणि ते सर्वांदेखत तपासले जाईल, अशी चाल असली तर हट्टाला किंमत पडते. हात वर करून मोजण्यात ही तपासणी होत नाही. एक्कावन्न आणि एकोणपन्नास हा आकडा मिळतो. एकोणपन्नासांना काय ठाऊक होते, ते मिळत नाही.

आजकाल पुष्कळसे निर्णय मोबाईलवरच्या गटातच होतात. कोणीतरी मजकूर टाकतो, चार जण अंगठा उमटवतात, बाकीचे गप्प. आणि सायंकाळी ‘सर्वांची संमती आहे असे समजून’ पुढची सूचना येते. मौनाला संमती मानण्याची जुनी सवय नव्या यंत्रातही तशीच शिरली. फरक एवढाच की टपरीवरची दुसरी बैठक आता वेगळ्या, लहान गटात भरते.

कायद्याने मात्र गेल्या काही वर्षांत गप्प बसणाऱ्यांची थोडी दखल घेतली आहे. महाराष्ट्रात ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे, म्हणजे निदान एकदा तरी सासरे-जेठ समोर नसताना बोलता यावे. पाणीवापर संस्थांसाठी २००५ साली जो कायदा झाला, त्यात संचालक मंडळावर कालव्याच्या शीर्ष, मध्य आणि पुच्छ अशा तिन्ही भागांना प्रतिनिधित्व दिले आहे. पाणी पुच्छाकडे सर्वांत शेवटी पोचते. चर्चेत तेथल्या माणसाची पाळीही शेवटीच येते. त्याला खुर्ची मिळाली. तो बोलतो किती आणि त्याचे ऐकले जाते किती, हे प्रत्यक्ष बसून मोजल्याशिवाय कळणार नाही.

समाजशास्त्राच्या आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे काम सुट्टीत करण्यासारखे आहे. आपापल्या गावच्या चार बैठका निवडाव्यात : ग्रामसभा, महिलांची सभा, पाणीवापर संस्थेची बैठक आणि एखादा बचत गट. कोपऱ्यात बसून वहीत चार रकाने आखावेत : कोण बोलले, किती वेळ बोलले, सर्वांना ठाऊक असलेले बोलले की नवीन काही सांगितले, आणि ते बोलणे पुढे कोणी उचलले काय. बैठक संपल्यावर तासाभराने बाहेरच्या टपरीवर तीच वही पुन्हा उघडावी. साहित्य म्हणून पेन्सिल आणि सेकंदकाट्याचे घड्याळ पुरते. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करायचे असेल तर आधी सर्वांना विचारावे, आणि विचारल्यावर कोण गप्प राहिले तेही लिहून ठेवावे.